राजीनाम्यातला ‘राजी’

माझ्या अक्षराची आमच्या आळीत थोडीशी ख्याती आहे. रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकाचे अक्षर ही काही त्याची एकट्याची मालमत्ता राहत नाही. रेशनकार्डावरील नाव दुरुस्त करायचे असो, वीजमंडळाकडे तक्रार करायची असो, मुलाच्या दाखल्यासाठी तहसीलदारांना विनंती करायची असो, लोक कोरा कागद घेऊन येतात, ओटीवर बसतात आणि म्हणतात, “गुरुजी, जरा चार ओळी लिहून द्या.” मी लिहून देतो. लिहिण्याचा मला कंटाळा नाही. उलट, आपण कादंबऱ्या लिहितो त्यापेक्षा या चार ओळीच कुणाच्या तरी खऱ्या उपयोगी पडतात, असा एक छुपा अभिमानही मी इतकी वर्षे मनात बाळगून होतो. तो अभिमान ज्या अर्जाने उतरला, त्याची ही हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले. एका कारखान्यात ते चौदा वर्षे काम करीत होते. पाळी संपवून तसेच आले असावेत. डबा हातात होता. म्हणाले, “राजीनामा लिहून द्यायचाय. साहेबांनी सांगितलंय, उद्या घेऊन या. काम कमी झालंय म्हणतात. आत्ता राजीनामा दिला तर आठ दिवसांत हिशेब देतील. नाही दिला तर नाव कपातीत जाईल, आणि मग पैशाला वर्ष लागेल की दोन, ते काही सांगता येत नाही म्हणाले.”

मला वाईट वाटले. परंतु कागदाविषयी शंका काही आली नाही. चहा होईपर्यंत मी अर्ज लिहून काढला. ‘माझ्या कौटुंबिक अडचणींमुळे मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय आपल्या नोकरीचा राजीनामा देत आहे.’ हे ‘स्वखुशीने’ त्यांनी सांगितलेले नव्हते. ‘कोणाच्याही दबावाशिवाय’ हेही नव्हते. ते शब्द माझे. असे अर्ज असेच लिहावयाचे असतात, अशी माझी समजूत होती. शिवाय त्या शब्दांनी वाक्याला एक तोल येत होता. त्यांनी सही केली. सही करताना त्यांनी कागद वाचला नाही, कारण तो गुरुजींनी लिहिलेला होता.

पुढे पाचसहा महिन्यांनी मी सकाळच्या गाडीने पेणला निघालो होतो. समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर युनियनचे काम केलेले, आता निवृत्त. नागोठणे मागे पडले तेव्हा बोलता बोलता मी त्यांना ही हकीकत सांगितली. माझा अपराध म्हणून नव्हे, दिवस कसे वाईट आले आहेत याचे उदाहरण म्हणून. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: पगार किती होता आणि नोकरी किती वर्षांची. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये, आणि वर्षे चौदा. त्यांनी खिशातून एक जुने पाकीट काढले आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला.

“ग्रॅच्युइटी मिळाली असेल,” ते म्हणाले. “पाच वर्षे भरली की ती राजीनामा दिला तरी मिळते. महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे, आणि मग वर्षांनी. एक लाख सव्वीस हजार. ती त्याची हक्काचीच होती. आता हे बघा.” आणि त्यांनी खाली एक रेघ मारली. मालकाने काम नाही म्हणून कामगार कमी केला, तर कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो, आणि त्याशिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. चौदा वर्षांचे १,०९,२०० रुपये. नोटिशीचे १५,६००. एकूण १,२४,८००. “हे राजीनाम्यात मिळत नाहीत,” ते म्हणाले. “कारण राजीनाम्यात त्याला कुणी काढलेलंच नसतं.”

गाडी कासूला थांबली होती. मी त्या पाकिटाकडे पाहत राहिलो. एका शब्दाची किंमत इतकी असू शकते हे मला माझ्या सगळ्या वाङ्मयीन उद्योगात कधी कळले नव्हते.

मी वर्गात मुलांना कर्ता ओळखायला शिकवतो. क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावावे आणि ‘कोण?’ असे विचारावे; उत्तर येईल तो कर्ता. कामगार कायद्यातील जे शब्द ऐकून आपण बिचकतो, त्यांपैकी निम्मे या एका प्रश्नाने सुटतात, हे मला त्या दिवशी उमगले. राजीनामा: सोडणारा कोण? कामगार. कपात: काढणारा कोण? मालक, आणि तेही कामगाराचा काही दोष नसताना, म्हणून भरपाई. बडतर्फी: काढणारा मालकच, पण कामगाराच्या गैरवर्तनाबद्दल, म्हणून आधी आरोपपत्र, चौकशी आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी. निलंबन: काढलेले कुणीच नाही, चौकशी होईतो दूर ठेवले आहे, म्हणून निर्वाहभत्ता. प्रत्येक शब्दामागे कर्ता निराळा, आणि कर्ता बदलला की देणेघेणे बदलते. मी त्या संध्याकाळी काय केले होते? एका वाक्याचा कर्ता बदलला होता. काढणारा दुसराच होता. मी ‘सोडणारा’ लिहिला.

‘राजीनामा’ या शब्दाचा तरी आपण कधी विचार करतो काय? राजी असल्याचा लेख, तो राजीनामा. आपल्याकडे तो नोकरीच्या आधी जमिनीच्या कागदांत नांदत होता. जुन्या मुंबई इलाख्यात खातेदाराने जमीन सोडली की तो राजीनामा देई, आणि नवा घेणारा कबुलायत लिहून देई. दोन्ही शब्द संमतीचे आहेत. एक म्हणतो, मी सोडायला राजी आहे; दुसरा म्हणतो, मला कबूल आहे. त्या कागदांखाली अंगठे करणाऱ्यांपैकी कितीजण खरोखर राजी होते, हे कुलाबा जिल्ह्याच्या मातीला विचारावे. पण शब्द मोठा प्रामाणिक आहे. तो आपल्या पोटातच अट घेऊन आला आहे. जो राजी नाही, त्याने लिहिलेला कागद राजीनामा कसा होईल?

येथे खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो केवळ वकिलांचा नाही. राजी असणे म्हणजे काय?

१८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्याने संमतीची व्याख्या फार साधी केली आहे: दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा ती संमती. ‘एकाच अर्थाने’ हे मला महत्त्वाचे वाटते. त्या कागदावर साहेबांना अर्थ दिसत होता, की या माणसाचे एक लाख चोवीस हजार आता द्यावे लागणार नाहीत. कामगाराला अर्थ दिसत होता, की आठ दिवसांत पैसे मिळतील. कागद एक, सही एक, अर्थ दोन. मग संमती कोठे झाली? शब्द न कळता दिलेला होकार हा होकार नसतो. ती केवळ मान हलवणे असते. म्हणूनच या शब्दांचे ज्ञान ही मला आता नुसती उपयुक्त माहिती वाटत नाही. ते स्वातंत्र्याचे पहिले साधन आहे. ज्याला ‘कपात’ आणि ‘राजीनामा’ यांतील भेद ठाऊक नाही, तो निवड करीत नाही. त्याच्याकडून निवड करवून घेतली जाते.

पण समजा, भेद ठाऊक आहे. अर्थही कळला आहे. आणि तरीही घरात मुलीची फी भरायची आहे, आईचे औषध आहे, वाण्याची उधारी आहे. अशा वेळी माणूस म्हणतो, ‘भरपाई राहू दे, आठ दिवसांत जे मिळते ते पदरात पाडून घेऊ.’ हा राजीपणा खरा की खोटा?

आमच्या भागात या प्रश्नाचे फार जुने आणि फार उघडे रूप पाहायला मिळते. पावसाळ्यात कातकरी वाड्यांवर घरातले धान्य संपते. त्या सुमारास वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळी झाली की ती फेडायला बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे भट्टीवर निघतात. शाळेत दिवाळीच्या सुटीनंतर हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नाही, त्याचे कारण ही उचल. उचल घेताना कुणी मानेवर सुरी ठेवलेली नसते. माणूस हात पुढे करून पैसे घेतो. मुकादम शपथेवर सांगेल की गडी आपल्या खुशीने आला. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, आणि असल्या बांधून ठेवणाऱ्या कर्जाची फेड करण्याचे बंधनच त्याने नाहीसे केले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला आला. न्यायमूर्ती भगवती यांच्या त्या निकालाने सांगितले, की राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात वेठीची जी मनाई आहे तिच्यात केवळ दंडुक्याची जबरदस्ती येत नाही. भूक आणि दारिद्र्य यांची सक्तीही सक्तीच असते. आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणारा माणूस आपखुशीने राबतो असे मानता येत नाही. तो निकाल मी प्रथम वाचला तेव्हा मला माझे ‘स्वखुशीने’ आठवले.

इतका विचार झाल्यावर मी त्या माणसाला भेटणे प्राप्त होते. ते आता पेणजवळच्या हमरापूरच्या बाजूला एका गणपतीच्या कारखान्यात कामाला लागले होते. मूर्ती साच्यातून निघाल्या की त्यांच्या कडा घासून साफ करायच्या. रंगकामाला आणि डोळ्यांच्या आखणीला निराळी माणसे. मजुरी नगावर. कागद कसलाच नाही. नेमणुकीचा नाही आणि सोडण्याचाही नाही. सीझन संपला की काम आपोआप संपते. कुणी कुणाला काढीत नाही आणि कुणी सोडीत नाही. कर्ता कोण, हे विचारण्याची सोयच नाही. मालक गावातला, ओळखीचा, अडीनडीला शंभर रुपये देणारा. तेथील सारा व्यवहार भिडेवर चालतो, आणि भीड बहुधा कागदाहून गोड असते; पण बोट कापले किंवा मजुरी अडकली, म्हणजे तीच भीड मागणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवते.

मी त्यांना सगळे सांगितले. तो शब्द माझा होता हेही सांगितले. ते थोडा वेळ हातातल्या मूर्तीची सोंड घासत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, तुम्ही लिहिलं नसतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. सही तर माझीच होती ना? मला काय कळत नव्हतं, काढतायत ते? कळत होतं. पण मला कुणी लाथ मारून काढला, असं पोराला सांगायचं नव्हतं. मी सोडली, असं सांगायचं होतं.”

या उत्तराची माझी तयारी नव्हती. मी त्यांना फसवले गेलेले मानून गेलो होतो, आणि ते ती दया घ्यायला तयार नव्हते. त्यांना कर्ता व्हायचे होते. वाक्यातला खोटा कर्ता का होईना, पण कर्ता. आणि आपण जेव्हा मोठ्या करुणेने म्हणतो की गरिबाची संमती ही संमतीच नव्हे, तेव्हा आपण त्याच्याकडून हेही काढून घेतो काय? अज्ञान मुलाची सही कायदा मानीत नाही. गरीब माणूस म्हणजे अज्ञान मूल आहे काय?

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. आता मला जे वाटते ते असे. कायदा जेव्हा म्हणतो की अमुक हक्क सही करूनही सोडून देता येत नाही, तेव्हा तो कामगाराला मूल ठरवीत नाही. तो समोरच्या पक्षाला एक प्रश्न विचारण्याची बंदी करतो. माणसाने स्वतःला विकावे का, हा प्रश्नच बाजारात मांडायचा नाही असे ठरले, म्हणजे विकणाऱ्याचा अपमान होत नाही. त्याची सुटका होते. त्या संध्याकाळी ‘कपात की राजीनामा’ हा पर्याय त्या माणसापुढे ठेवण्याचा साहेबांना अधिकारच नव्हता. हिशेबाचे पैसे दोन्ही वाटांनी त्याचेच होते. त्याचाच पैसा त्याला बक्षीस म्हणून दाखवून त्याच्याकडून दुसरा पैसा सोडवून घेतला गेला. अपमान तेथे होता. आणि अभिमान राखण्याची किंमत म्हणून त्याने एक लाख चोवीस हजार मोजले, हे तर मला सगळ्यांत अन्यायाचे वाटते. कारण ज्याचा दोष नाही त्याला कामावरून कमी होण्याची लाज का वाटावी? लाज वाटायची ती काम संपल्याची नव्हे. पण ‘कपात’ हा निर्दोष माणसाचा शब्द आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

दुसरेही एक लक्षात येते. एकटा माणूस एकट्या कागदापुढे नेहमी असाच अडतो. १८९० पूर्वी मुंबईच्या गिरणीत आठवड्याची सुटी नव्हती, आणि तेव्हाचा गिरणी कामगारही ‘राजीखुशी’ने रोज कामावर जातच होता. एकट्यादुकट्याने रविवार मागितला असता तर त्याला दारच दाखवले असते. १८८४ साली ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली आणि सरकारकडे धाडण्याच्या निवेदनावर साडेपाच हजार सह्या घेतल्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. तीही सहीच, पण एकाच्या हातून काढून घेतलेली सही आणि साडेपाच हजारांनी मिळून केलेली सही यांत केवढे अंतर आहे! आमच्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांची शेते कसण्याचे नाकारले. उपास काढले, लाकडे विकली, पण जुन्या कबुलायतीला पुन्हा कबूल म्हटले नाही. १९३९ च्या कूळ कायद्यामागे त्या नकाराचे बळ होते. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच ‘हो’ला अर्थ असतो, हे तत्त्व आम्हा रायगडकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

आता कायदे बदलले आहेत. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा आणि आणखी पुष्कळ, असे एकोणतीस कायदे चार संहितांत आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता अमलात आल्या. त्यांच्या गुणदोषांवर वाद आहेत, आणि ते व्हावेत. पण निर्दोष माणसाला कमी करताना नोटीस आणि वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई हे तत्त्व तेथेही टिकले आहे. नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. माणूस काढला असो की त्याने राजीनामा दिला असो, राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे, असे वेतन संहिता सांगते. म्हणजे ‘आठ दिवसांत देतो’ ही पगारापुरती तरी मेहेरबानी उरलेली नाही. अर्थात हे कलम ज्याला ठाऊक नाही, त्याला ती मेहेरबानीच वाटत राहणार.

दबाव टाकून घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असे न्यायालयात म्हणता येते. पण दबाव होता हे दाखवण्याचे ओझे कामगारावर पडते. आणि त्या माणसाने उद्या तसे म्हणायचे ठरवले असते, तर त्याच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्या सुरेख अक्षरात होता.

अर्ज लिहून देणे मी थांबवलेले नाही. थांबवले तर माणसे छापील नमुन्याकडे जातील, आणि त्यातही ‘स्वखुशीने’ असतेच. मी एवढेच करतो, की आधी विचारतो: काय झाले ते तुमच्या शब्दांत सांगा. मग सोडणारा कोण, काढणारा कोण, हे त्यांच्याच तोंडून येऊ देतो. लिहून झाले की कागद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. वाचता येत नसेल तर दोनदा वाचून दाखवतो, आणि रात्रभर घरी ठेवून सकाळी सही करा म्हणतो. काहीजण चिडतात. साहेब थांबले आहेत, म्हणतात. काहीजण तरीही तोच कागद नेतात. त्यांची अडचण मला सोडवता येत नाही आणि त्यांना शहाणपण शिकवण्याचा मला अधिकारही नाही. पण ज्या शब्दावर त्यांची सही पडते तो त्यांना ठाऊक असतो, इतके मी पाहतो.

त्या अर्जाचा कच्चा खर्डा माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. अधूनमधून मी तो काढून वाचतो. शुद्धलेखनाची एकही चूक त्यात सापडत नाही.